व्हिसा अडतो तो ट्रम्पच्या लहरीमुळे नव्हे



सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लागलं. त्याआधी ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क. घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीतून, कामराज नगरातून कर्ज काढून अमेरिकेत एमएस करू पाहणाऱ्या पोरांचं गणित एका सहीने कोलमडलं. आपल्याकडे चर्चा काय? तर "ट्रम्प वेडा आहे". हे विश्लेषण नव्हे.

२०१६ साली ट्रम्प मिशिगन, पेन्सिल्वेनिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून अवघ्या ७८ हजारांच्या आसपास मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या एका विधानसभा मतदारसंघात याहून जास्त मतदार असतात! कारखाने बंद पडलेल्या पट्ट्यातलं हे मत गमवायची हिंमत दोन्ही पक्षांत नाही. म्हणून २०१७ मध्ये ट्रम्पनी सोडलेल्या टीपीपी व्यापार करारात बायडेन आल्यावरही अमेरिका परतली नाही, चीनवरचं आयातशुल्कही राहिलं. माणूस बदलला, धोरण तेच.

उतरणीला लागलेल्या महासत्तेला सुधारणा करायची तर आधी घरातल्या नफ्याची वाटणी बदलावी लागेल. ते भांडवलदारांना परवडत नाही. मग राग परदेशी माणसावर वळवला जातो. मुंबईने हे पाहिलंय. गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि मार कोणाला? परप्रांतीय टॅक्सीवाल्याला.

बाबासाहेबांनी परराष्ट्र धोरण घरच्या हिशेबातून वाचायला शिकवलं. ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी दाखवलं, की ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, आणि हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे. त्या खर्चाची झळ गरिबालाच बसणार होती.

मग आपण काय करायचं? अमेरिकेच्या मतपेटीत आपलं मत नाही, इथल्या मतपेटीत आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसाठी जागा ७५, केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत सगळ्या घटकांच्या मिळून १२५. एवढ्या मोठ्या समाजाला एवढ्याच? मत मागायला वस्तीत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा: जागा किती वाढवणार? व्हिसा अडला तर आमच्या पोराची शिष्यवृत्ती दुसऱ्या देशातल्या प्रवेशासाठी टिकेल का? उत्तर लेखी घ्या. तिकडच्या ७८ हजार मतांनी जगाचा व्यापार हलवला, तर संघटित झालेल्या आपल्या वस्त्यांना एक शासन निर्णय बदलून घेता येणार नाही?