जावरची भट्टी आणि जस्ताची वाफ

पदार्थाच्या तीन अवस्था शिकवताना बर्फ, पाणी आणि वाफ यांचा दाखला देऊन आपण पुढे सरकतो, आणि त्यामुळे धातू ही फार तर वितळणारी वस्तू, तिचीही वाफ होते ही कल्पना पुष्कळ सुशिक्षितांच्या मनाला शिवतही नाही. ही उणीव दूर करण्यासाठी उदयपूरजवळच्या जावर येथील जस्ताच्या जुन्या भट्ट्यांचा धडा शालेय विज्ञानात आलाच पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, परंतु उकळण्यास त्याला अडीच हजारांहून अधिक अंश लागतात; म्हणून भट्टीत ते द्रवरूपाने तळाशी साचते व सहज हाती लागते. जस्ताची प्रकृती सर्वस्वी निराळी. ते ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. पण भाजलेल्या खनिजातून कोळशाच्या साहाय्याने ते मुक्त करावयाचे तर हजार अंशांपलीकडे जावे लागते, अर्थात जन्मतःच ते वायुरूप असते, आणि उघड्या हवेशी गाठ पडताच ऑक्सिजनशी संयोग पावून पांढऱ्या धुरात नाहीसे होते.

जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिजाचा माल भरला, तिच्या तोंडाला मातीची नळी जोडली आणि ती भट्टीत तोंड खाली करून बसवली. मालात मधोमध खोवलेली काडी जळून गेली की वाफेला वाट मिळे, आणि सच्छिद्र तक्त्याखालच्या थंड कोठडीत उतरलेली ती वाफ हवा न लागता द्रवरूप होऊन भांड्यात ठिबके. अशा ३६ मुशी एका भट्टीत एकाच वेळी तापत. ब्रिस्टॉलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याच्या पद्धतीचे पेटंट १७३८ मध्ये मिळवले. त्यापूर्वी कित्येक शतके अरवलीच्या डोंगरात हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालू होता, आणि निकामी मुशींचा साठा एवढा झाला की गावकऱ्यांनी त्या रचून घरांच्या भिंती उभारल्या. तापमापक हाताशी नसताना अदृश्य वायूची वाट इतक्या अचूकपणे बांधणारी ही प्रज्ञा मला आपल्या प्राचीन वैभवाच्या शाब्दिक गौरवापेक्षा कितीतरी अधिक मोलाची वाटते.

पाठ्यपुस्तक मंडळाने पुढील आवृत्तीत जावरच्या भट्टीच्या उभ्या छेदाची आकृती, शेजारी हे सर्व अंश नमूद करून, छापण्याची तजवीज करावी, आणि ती होईपर्यंत शिक्षकांनी ती स्वतः फळ्यावर काढावी.