पगार सरकारी, पद कुणाचेच नाही

माझ्या भाचीने अकरा महिने नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात काम केले. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण दोष त्या एका कार्यालयाचा नाही. मुलगी बी.कॉम. झालेली. सकाळी टेका नाक्यावरून 'आपली बस' पकडून सिव्हिल लाइन्सला जायची. आवक-जावक नोंदवायची, लोकांचे अर्ज संगणकावर चढवायची, ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याला लिहून द्यायची. महिन्याला दहा हजार रुपये थेट बँक खात्यात जमा व्हायचे. अकरावा महिना संपला तसे तिच्या हातात प्रमाणपत्र दिले गेले आणि उद्यापासून येऊ नकोस असे सांगण्यात आले.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याच कार्यालयातून तिला फोन आला. संगणकाचा पासवर्ड हवा होता आणि कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे ते विचारायचे होते. तिने सगळे सांगितले. मी तिला विचारले, ''तुझे काम आता कोण करतं?'' ती म्हणाली, ''कोणीच नाही, मामू. पडून आहे.''

हा लेख त्या पडून असलेल्या कामाबद्दल आहे.

२८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. 'लाडकी बहीण'च्या जोडीला त्यात मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना होती. ९ जुलैला शासन निर्णय निघाला. आषाढी एकादशीला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पंढरपुरातून तिचा गाजावाजा केला आणि लोकांनी तिचे नाव 'लाडका भाऊ' असे पाडले. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत सहा महिने. दरवर्षी दहा लाख तरुणांचे लक्ष्य आणि त्यासाठी साडेपाच हजार कोटींची तरतूद. भागाकार केला तर माणशी ५५ हजार रुपये होतात. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. सहा महिने संपत आले तेव्हा ओरड झाली, मग २०२५मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने केली. अकरा महिन्यांनंतर काय, हे मात्र पहिल्या दिवशीही कुणी सांगितले नव्हते आणि शेवटच्या दिवशीही सांगितले नाही.

योजना वाईटच होती असे मी म्हणणार नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलींनी या योजनेमुळे पहिल्यांदा सरकारी कार्यालयाची पायरी अर्जदार म्हणून नव्हे, तर काम करणारी म्हणून चढली. कुणाची ओळख लागली नाही, कुणाला पैसे चारावे लागले नाहीत. घरात 'मुलीने बाहेर जावे की नाही' हा वाद दर महिन्याला जमा होणाऱ्या दहा हजारांनी गप्प केला होता. पैसे थांबले तशी तीच चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. माझ्या बहिणीच्या घरी सध्या स्थळे बघणे चालू आहे. भाचीला पुढे शिकायचे आहे, पण फी कुठून भरणार हा प्रश्न आहे. सरकारच्या लेखी एका योजनेचा कालावधी संपला. एका घरात मुलीची बाजू कमजोर झाली.

आता सरकारचे उत्तर काय? उत्तर ठरलेले आहे: ''हे प्रशिक्षण होते, नोकरी नव्हे.'' ऐकायला बिनतोड वाटते. पण ते त्याच शासन निर्णयाशी ताडून बघा. सरकारी आस्थापनांनी किती प्रशिक्षणार्थी घ्यायचे? मंजूर पदांच्या पाच टक्के. प्रशिक्षणच द्यायचे होते तर मोजमाप शिकवणाऱ्यांच्या संख्येवर हवे होते. किती अनुभवी कर्मचारी आहेत, एकेकजण किती मुलांना शिकवू शकतो, असा हिशोब हवा होता. इथे मोजपट्टी पदांची आहे. राज्य सरकारची दोन लाखांहून अधिक मंजूर पदे रिकामी असताना पदांच्या प्रमाणात तरुण आणून बसवले, तर ते शिकायला आले की रिकाम्या खुर्चीवर आले, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शिवाय याच शासन निर्णयाने या तरुणांना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा असे कामगार कायद्यांचे संरक्षण लागू नसल्याचे स्पष्ट केले. नागपुरातल्या दुकानात काम करणाऱ्या अकुशल कामगाराचे किमान वेतनही महिन्याला दहा हजारांच्या वर आहे. म्हणजे पदवीधर मुलीला सरकारने जे दिले, ते सरकारनेच दुकानदारावर बंधनकारक केलेल्या मजुरीपेक्षा कमी होते. दुकानदाराने असे केले तर कामगार आयुक्तालयाची नोटीस येते. सरकारने केले की त्याला विद्यावेतन म्हणतात.

थोडे मागे जाऊ. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला होता. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर नऊ महिन्यांनी युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. कंत्राटी माणूस नको म्हणता? मग प्रशिक्षणार्थी घ्या. कंत्राटदार निदान कागदावर तरी भविष्य निर्वाह निधी भरतो.

खासगी क्षेत्रातही चित्र फार वेगळे नव्हते. हिंगणा एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक लघुउद्योजक आहेत. त्यांनी या योजनेतून चार मुले घेतली होती. मुदत संपल्यावर एकाला ठेवले, तिघांना घरी पाठवले. मी कारण विचारले तेव्हा ते मोकळेपणाने म्हणाले, ''भाईजान, एक जण मला लागतच होता. बाकी तिघे सरकार पैसे देत होतं म्हणून होते.'' मला हा माणूस सरकारपेक्षा प्रामाणिक वाटला. त्याच्या एका वाक्यात सगळा धडा आहे. मदतीचा पैसा थांबल्यावर जिथे पैशामागे खरी जागा असते, तिथली नोकरी टिकते. जिथे नुसता पैसाच असतो, तिथे पैशाबरोबर माणूस जातो.

ही गोष्ट दूरच्या एका उदाहरणाने पडताळून पाहता येते. करोनाकाळात ब्रिटनच्या सरकारने बंद पडलेल्या कामांवरच्या लोकांचे ८० टक्क्यांपर्यंतचे वेतन स्वतः भरले. ही मदत कधीतरी थांबणार हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून ती एका झटक्यात तोडली नाही. जुलै २०२१पासून वेतनाचा दहा टक्के भाग मालकांवर टाकला, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये वीस टक्के, आणि ३० सप्टेंबरला योजना बंद केली. त्या वेळी दहा लाखांहून अधिक लोक या मदतीवर होते. बेकारीची लाट येईल अशी भीती होती, ती आली नाही. कारण त्या लोकांचे नाव मालकाच्या हजेरीपटावर कायम होते. सरकारने पगार दिला, पण नाते मालक आणि कामगाराचे होते. त्याच साथीत आपल्याकडे केंद्राने २९ मार्च २०२० रोजी मालकांना पूर्ण वेतन द्या असा आदेश काढला, त्यासाठी स्वतः मालकांना पैसा दिला नाही आणि १८ मेपासून तो आदेशही मागे घेतला. तिथे पैसा होता आणि उतरणीला पायऱ्या होत्या. इथे नुसता हुकूम होता.

युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पैसा होता, पण हजेरीपटावर नाव नव्हते आणि उतरणीला पायऱ्या नव्हत्या. अकराव्या महिन्यात दहा हजार, बाराव्यात शून्य. ना कार्यालयाला स्वतःच्या खिशातून एक रुपया द्यावा लागला, ना कारखानदाराला. ज्याला फुकट मिळते तो ठेवून घेण्याचा विचार का करील?

केंद्राने १ ऑगस्ट २०२५पासून सुरू केलेल्या विकसित भारत रोजगार योजनेत हा मुद्दा थोडा तरी लक्षात घेतलेला दिसतो. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला पंधरा हजारांपर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. मालकालाही महिन्याला तीन हजारांपर्यंत मदत मिळते, पण नवा माणूस किमान सहा महिने टिकला तर. या योजनेवरही माझे आक्षेप आहेत, पण निदान 'माणूस टिकव, मग पैसे घे' ही अट आहे. राज्याला ती का सुचली नाही?

नागपूरकरांना हा अनुभव नवा नाही. जमशेदजी टाटांनी १८७७मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. त्या काळी लोकांना वाटले, आता सरकार मालक आहे, आता काय भीती! २००२मध्ये मिल बंद झाली. मोमिनपुऱ्यातल्या मोमिनांपासून कोष्टी आणि दलित वस्त्यांपर्यंत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या भोंग्यावर उठल्या, त्यांना कळले की सरकारी पैशाने दिवस ढकलता येतात, पुढची सोय आपोआप होत नाही. आज त्या जमिनीवर मॉल उभा आहे. त्या कामगारांची नातवंडे तिथे सुरक्षारक्षकाचे काम करताना मी पाहिली आहेत.

पण याच महाराष्ट्राने उलटे उदाहरणही घालून दिले आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. म्हणजे काम हा हक्क होता आणि पैशाची सोयही नेमकी होती. ती कुणी लाडक्याला दिलेली भेट नव्हती. दुष्काळ संपला म्हणून ती संपली नाही, निवडणूक झाली म्हणून संपली नाही. कायद्याने दिलेले आणि शासन निर्णयाने दिलेले यात हा फरक असतो.

आता एक गोष्ट अशी, जी माझ्या भाचीलाही आवडणार नाही. प्रशिक्षणार्थी ठिकठिकाणी आंदोलने करत आहेत. आम्हाला त्याच कार्यालयात कायम करा, ही त्यांची मागणी आहे. त्यांचा संताप शंभर टक्के खरा आहे, पण ही मागणी मला जशीच्या तशी मान्य नाही. त्याच वयाची लाखो मुले वाचनालयात बसून भरतीची वाट बघत आहेत. त्यांना डावलून अकरा महिन्यांच्या हजेरीवर पदे वाटली तर तोही अन्यायच होईल. २००६मध्ये उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मागच्या दाराने होणाऱ्या नेमणुका कायम करण्याला नकार दिला, तो याच कारणाने. मात्र डिसेंबर २०२४मध्ये त्याच न्यायालयाने जग्गो प्रकरणात हेही सांगितले की, वर्षानुवर्षे कायमस्वरूपी काम करून घ्यायचे आणि उमादेवी निकालाची ढाल पुढे करायची, हे चालणार नाही. अकरा महिने म्हणजे वर्षानुवर्षे नव्हेत, हे मला कळते. पण काम कायमचे आणि माणूस तात्पुरता ठेवायची खोड तीच आहे.

म्हणून माझे म्हणणे सरकारला आहे. ज्या कामासाठी तुम्ही या मुलांना बसवले, ते काम आहे हे तुम्ही स्वतःच सिद्ध केले. मग प्रत्येक कार्यालयाने जाहीर करावे की आमच्याकडे किती प्रशिक्षणार्थी होते आणि ते कोणत्या रिकाम्या पदाचे काम करत होते. ती पदे खुल्या परीक्षेने, ठरलेल्या तारखेच्या आत भरा. परीक्षेत या मुलांच्या अनुभवाला काही गुण द्या, वयात एका वर्षाची सूट द्या, कारण ते वर्ष त्यांनी तुमच्यासाठी खर्च केले. खासगी मालकांना पुढे कधी अशी मदत दिली तर पहिल्या महिन्यापासून त्यांचा वाटा ठेवा, तो दर तिमाहीला वाढवा आणि माणूस ठेवून घेतल्यावरच शेवटची रक्कम द्या. आणि विद्यावेतन किमान वेतनाखाली नसावे, यासाठी तर वेगळ्या समितीची गरजच नाही.

यात नवीन पैसा फारसा लागत नाही. पदे आधीच मंजूर आहेत, काम रोज येते आहे, लोक खिडकीबाहेर रांगेत उभे आहेत. मागच्या आठवड्यात मी स्वतः एका दाखल्यासाठी अशाच एका कार्यालयात गेलो होतो. तिसऱ्या टेबलावरचा संगणक बंद होता. ''मॅडम होत्या, आता नाहीत, पुढच्या सोमवारी या,'' असे शिपाई म्हणाला. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई कामठीहून आल्या होत्या, मजुरी बुडवून. त्यांनी काही न बोलता कागद पिशवीत परत ठेवले.