प्रतिष्ठा कोणाची, बळी कोणाचा?

नाशिकमध्ये जून २०१३ मध्ये एका पित्याने आपल्या गर्भवती लेकीचा गळा आवळून खून केला. परजातीत विवाह केला, एवढाच तिचा अपराध! हे कुटुंब भटक्या समाजातील. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तिचे रूपांतर कोणतीही सूट नसलेल्या वीस वर्षांच्या सश्रम कारावासात केले. न्याय झाला, पण लेक गेली ती गेलीच.

या घटनेनंतर जातपंचायतींच्या दहशतीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. मुंबई राज्याने १९४९ मध्येच असा कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरला आणि सुधारणावादी बोहरा वाऱ्यावर पडले. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हा त्यांच्या पाठीशी किती पुरोगामी उभे राहिले? अल्पसंख्याकांचा ‘अंतर्गत प्रश्न’ म्हणून पीडितेकडे पाठ फिरविणे ही सहिष्णुता नव्हे, ती मतपेढीची भीरुता आहे. कन्या कोणत्याही पंथाची असो, ती प्रथम या देशाची नागरिक आहे.

मात्र दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविताना आपले अंगण अस्वच्छ असून चालणार नाही. नाशिकची ती लेक हिंदू समाजाचीच होती. ज्या धर्माने स्वयंवराची परंपरा गौरविली, त्यात जातीच्या अहंकारासाठी कन्येचा बळी जात असेल, तर समरसतेचा उच्चार पोकळ ठरेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्वाळा दिला आहे की, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात खाप वा पंचायतीला हस्तक्षेपाचा अधिकार नाही. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवासाचे निर्देशही दिले आहेत. पण खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावातील भयभीत मुलीपर्यंत हा निर्णय पोहोचविणार कोण? तेथे न्यायालय दूर असते, भावकी उंबऱ्याशी असते.

हे काम कार्यकर्त्याचे आहे. दाराशी आलेल्या मुलीला जात वा पंथ न विचारता पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करावी, संतप्त पित्यापाशी बसून त्याचा क्रोध शांत करावा, बहिष्कृत कुटुंबाच्या पंगतीला आवर्जून बसावे. कुळाची प्रतिष्ठा लेकीच्या रक्ताने नव्हे, तिच्या निर्भय जगण्याने वाढते, हे घराघरांत रुजवावे लागेल. समाजसंघटनेची खरी कसोटी हीच आहे.