पदकाहून शाळा थोर

शूर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा रणांगणावरच खिळून राहते. अमेरिकेंतील सार्जंट अॅल्विन यॉर्क ह्यांच्या चरित्राचें असेंच झालें आहे. त्यांच्या आयुष्यांतील एका दिवसाचें वर्णन सारे करतात. पुढील ४५ वर्षांविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. आमच्या मतें त्यांची खरी थोरवी त्या पुढील वर्षांतच आहे.

यॉर्क ह्यांचा जन्म १८८७ सालीं टेनेसी संस्थानांत, वुल्फ नदीच्या डोंगराळ खोऱ्यांत झाला. रान तोडून तेथें अगदीं प्रथम वस्ती करणाऱ्यांपैकीं कॉनरॅड पाइल नांवाचे शिकारी हे त्यांचे पूर्वज. वडील शेती व लोहारकाम करीत. घरांत अकरा भावंडें. शेतावर हात हवे असत, म्हणून यॉर्क ह्यांच्या वांट्यास सारी मिळून सुमारें ९ महिन्यांचीच शाळा आली. तारुण्यांत मद्य व मारामाऱ्या ह्यांत दिवस गेले. पुढें १९१५ च्या आरंभीं त्यांचें मन पालटलें. १९१७ सालीं सक्तीच्या लष्करभरतीची आज्ञा आली, तेव्हां मनुष्यहत्या आपल्या धर्माविरुद्ध आहे असें त्यांनीं कळविलें. परंतु तें मान्य झालें नाहीं. वरिष्ठांनीं पवित्र शास्त्राच्या आधारें त्यांच्याशीं वाद केला. कांहीं दिवस घरीं जाऊन, डोंगरावर प्रार्थना करून, मगच ते मनाचा निश्चय करून परतले.

८ ऑक्टोबर १९१८ रोजीं फ्रान्समधील आर्गॉन अरण्यांत १७ अमेरिकन शिपायांची तुकडी शत्रूच्या पिछाडीस गेली. मशीनगनांच्या माऱ्यांत त्यांपैकीं ६ जण पडले. यॉर्क ह्यांनीं बंदूक व पिस्तूल चालवून तो मारा थांबविला, आणि उरलेल्या सोबत्यांसह १३२ कैदी घेऊन ते परतले. ह्याबद्दल त्यांस आपल्या देशाचें सर्वोच्च पदक मिळालें.

१९१९ सालीं घरीं येतांच चित्रपटवाल्यांनीं व जाहिरातदारांनीं त्यांच्यापुढें पैशाच्या राशी ओतण्याची तयारी दाखविली. त्यांनीं ती नाकारली. जग पाहून आलेल्या ह्या शिपायास आपल्या डोंगरांतील अज्ञान सलूं लागलें होतें. गांवोगांव व्याख्यानें देऊन त्यांनीं शाळेसाठीं निधि जमविला, स्थानिक अधिकाऱ्यांशीं तंटे सोसले, आणि १९२६ सालीं जेम्सटाउन येथें ती संस्था उभी केली. मुलांना आणणाऱ्या मोटारींच्या खर्चासाठीं त्यांनीं स्वतःचें शेत गहाण टाकलें. १९३७ सालीं संस्थान सरकारनें शाळेचा पूर्ण भार उचलला. यॉर्क १९६४ सालीं वारले. शाळा अद्याप चालू आहे.

कोणी म्हणेल, वर्गणी मागण्यांत कसलें शौर्य? रणांत संकट समोर असतें, हुकूम पाठीशीं असतो, आणि प्रसंग घटकाभरांत संपतो. परंतु दारोदार जाऊन, नकार ऐकून, दहा वर्षें तेंच काम धरून राहण्यास कोणाचा हुकूम नसतो व त्यास पदकही नसतें. आम्ही ह्यासच अधिक कठीण शौर्य समजतों.

“आम्ही शिकलों नाहीं, तरी आमचें कोठें अडलें?” असें म्हणून ऐन कापणींत मुलास शाळेंतून काढणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. यॉर्क ह्यांस असें म्हणण्याचा अधिकार कोणाहूनही अधिक होता. कारण ९ महिन्यांच्या शिक्षणावर त्यांनीं जगांत कीर्ति मिळविली. तरी त्यांनीं तें म्हटलें नाहीं. आपणांस जें लाभलें नाहीं, तें दुसऱ्यांच्या मुलांस मिळावें म्हणून ते कर्जांत बुडाले. विद्यार्थ्यांनो, तुमचें बांक कोणाच्या तरी अशाच झिजण्यानें तेथें आलेलें आहे. त्यावर बसतांना हें विसरूं नका. आणि पालकहो, पीक घरीं आणण्याच्या घाईंत तें बांक रिकामें पडूं देऊं नका.