दहा हजारांची आरसी, ई२० पेट्रोल आणि ३० वर्षांची मारुती ८००: हिशोब नक्की कुठे बिघडतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची अधिसूचना आली आणि व्हॉट्सॲपवर "जुन्या गाड्या बंद" असे मेसेज फिरायला लागले. प्रत्यक्षात बंद वगैरे काही झालेलं नाही. २० वर्षांपेक्षा जुन्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली, दुचाकीची २,०००. १५ ते २० वर्षांच्या कारला २०२२ पासून ५,००० आहेतच. त्याआधी हेच काम ६०० रुपयांत व्हायचं.

हा विषय माझ्या घरचाच आहे. आमच्याकडे १९९५ ची मारुती ८०० आहे, एमएच-२४ नंबरची, वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. मी निलंग्यातूनच घरून काम करतो. बाजार, शेत, दवाखाना आणि आठवड्यातून एकदा लातूर (एका बाजूने साधारण पन्नास किलोमीटर) हे सगळं याच गाडीवर चालतं. महिन्याला ८०० किलोमीटर होतात. तिची आरसी या नोव्हेंबरमध्ये संपते. २०२० मध्ये ६०० रुपये भरले होते, आता १०,००० भरायचे.

आधी एक गैरसमज काढू. पेट्रोल गाडीला १५ वर्षं, डिझेलला १० वर्षं हा नियम दिल्ली-एनसीआरचा आहे. महाराष्ट्रात खासगी कारला वयाची अशी बंदी नाही. पहिली आरसी १५ वर्षांची असते, त्यानंतर गाडी तपासणीत पास झाली की दर वेळी ५ वर्षं मिळतात. शिवाय पर्यावरण कर आहे, आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवावी लागते, कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी.

आता फीचा हिशोब. १०,००० भागिले ५ वर्षं म्हणजे वर्षाला २,०००, महिन्याला १६७ रुपये. राग येतो, पण एवढ्यासाठी गाडी भंगारात जात नाही. खरा खर्च पंपावर होतोय आणि त्याची पावती कुणी देत नाही.

ई२० जुन्या गाडीत नेमकं काय करतं?

ई२० म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा भाग असं इंधन टाकलं तर एकूण ऊर्जा सहा-सात टक्के घटते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिलेली आहे. शुद्ध पेट्रोलवर १६ चं ॲव्हरेज धरलं तर मला महिन्याला ५० लिटर लागायला हवं. ई२० वर त्याच अंतराला तीन-साडेतीन लिटर जास्त जातं. १०५ रुपये लिटरने वर्षाला चार हजारांच्या आसपास, म्हणजे आरसीच्या फीच्या दुप्पट. यातला निम्मा फटका २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण आलं तेव्हापासूनच बसतोय, आपल्या लक्षात आला नाही इतकंच.

पैशापेक्षा महत्त्वाचा भाग मिश्रणाचा आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई२० ला ती १३.५ च्या आसपास येते. इंजेक्शनवाल्या नव्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. तो सांगतो, "हवा जास्त होतेय," मग कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा फीडबॅक लूप. माझ्या गाडीत कार्बोरेटर आहे. त्यात पितळेचा जेट असतो, भोक ठरलेलं. त्याला फीडबॅक-बिडबॅक काही कळत नाही. त्यामुळे गाडी साधारण आठ टक्के 'लीन' चालते: सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागतो, दुसऱ्या गिअरमध्ये उचलताना अडखळते, चढावर इंजिन जास्त तापतं. जुने कार्बोरेटर बहुधा थोडे 'रिच' सेट केलेले असतात, म्हणून ती लगेच बंद पडत नाही. याच कारणाने "माझ्या गाडीला काही होत नाही" असं बरेच जण सांगतात.

तिसरा प्रश्न रबराचा. जुने पेट्रोल पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची गॅस्केट इथेनॉलसाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, मग चिरतात. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं हा ॲव्हरेजचा नाही, आगीचा प्रश्न आहे. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं साचलेला मळही सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो.

आमच्या मिस्त्रीने काय केलं ते सांगतो: सगळे पाइप बदलून आतून फ्लोरोइलॅस्टोमर, म्हणजे बाजारात 'व्हिटॉन' म्हणतात ते, असलेले टाकले. पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटर किट नवं. मेन जेट एक नंबर मोठा. फिल्टर दर तीन महिन्यांनी. पार्ट मिळतात कारण ८०० बंद झाली जानेवारी २०१४ मध्ये, पण तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत चालू होतं. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर मी टाकी भरून ठेवतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकी रिकामी तेवढी आत दमट हवा जास्त.

इथेनॉलला माझा विरोध नाही. अंबुलग्याचा कारखाना आमच्या शेजारी आहे, उसाचा पैसा याच बाजारात फिरतो. पण नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात ग्राहकाला भरपाई म्हणून करसवलतीचा विचार सुचवलेला होता. पेट्रोलियम मंत्रालय आता म्हणतं की इथेनॉलचा सरासरी खरेदी दरच लिटरला ७१ रुपयांवर गेलाय, स्वस्त कुठून देणार? पंपावर निवड मिळावी अशी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. थोडक्यात, गाडी जुनी म्हणून फी जास्त, आणि जुन्या गाडीला चालणारं इंधन मात्र पंपावर नाही. फी वयावर ठरते. गाडी किती फिरते, किती धूर सोडते, यावर नाही. हे मला पटत नाही.

"मग व्हिंटेज करून घे ना," असं एक मित्र म्हणाला. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी ५० वर्षं पूर्ण हवीत. डिसेंबर १९८३ च्या अगदी पहिल्या ८०० सुद्धा २०३३ मध्ये तिथे पोचतील, माझी २०४५ मध्ये. आणि तेव्हा ती रोज रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच. रोज वापरायच्या जुन्या गाडीसाठी आपल्या कायद्यात खानाच नाही.

नवीन घ्यायची? सप्टेंबरच्या जीएसटी कपातीनंतर सर्वात स्वस्त छोटी कार साडेतीन लाखांच्या आसपास आली. तेवढं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सव्वासात हजार. माझ्या गाडीचा फी, जादा पेट्रोल आणि दुरुस्ती मिळून खर्च त्याच्या जवळपासही जात नाही. एकाच बाबतीत नवी गाडी निर्विवाद जिंकते: सुरक्षितता. ८०० मध्ये ना एअरबॅग, ना एबीएस. म्हणून लातूरच्या रस्त्यावर मी साठच्या वर जात नाही आणि रात्रीचा प्रवास टाळतो. घरात लहान मूल असतं तर माझा निर्णय वेगळा असता.

तुमची आरसी संपत आली असेल तर फॉर्म २५ मुदतीच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. तपासणीला नेण्याआधी पेट्रोलचे पाइप एकदा हात लावून बघा. बोटाला चिकट लागलं तर ते आधी बदला.