तेल कोणते, थेंब किती: सुगंधोपचाराचे पुस्तक निवडताना

सुगंधोपचारावरील पुस्तकाची खरी परीक्षा ‘तेल’ या एका शब्दावर होते. मराठी घरात तेल म्हणजे तिळाचे, खोबऱ्याचे, शेंगदाण्याचे. अंगाला चोळायचे, टाळूवर घालायचे, फोडणीला वापरायचे. वैद्याकडचे नारायण तेलसुद्धा औषधींचा काढा आणि कल्क तिळाच्या तेलात आटवून सिद्ध केलेले असते. इसेन्शियल ऑइल या अर्थाने तेल नव्हेच. पाने, फुले, साल किंवा लाकूड यांतून वाफ सोडली की वनस्पतीतली उडून जाणारी द्रव्ये वाफेबरोबर बाहेर पडतात. वाफ थंड झाली की पाण्यापासून त्यांचा वेगळा थर जमतो. हा थर म्हणजे बाष्पनशील तेल. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण ३,००० ते ५,००० किलो पाकळ्या लागतात. इतके एकवटलेले द्रव्य आणि वाटीभर खोबरेल यांच्यासाठी एकच शब्द वापरून जे पुस्तक फरक न सांगता पुढे सरकते, ते वाचकाला पहिल्याच पानावर धोक्यात घालते.

तरीही या विषयाचे पुस्तक घेताना बहुतेकजण आधी शेवटची पाने उघडतात. तिथे रोगांची यादी असते: सर्दीला नीलगिरी, सांधेदुखीला दालचिनी, निद्रानाशाला लव्हेंडर. यादी जितकी लांब तितके पुस्तक उपयोगी, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे दालचिनीच्या एका ओळीवरून दिसते. दालचिनीच्या सालीचे तेल आणि पानांचे तेल ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य, पानांच्या तेलात युजेनॉल. रॉबर्ट टिसरँड आणि रॉडनी यंग यांच्या ‘इसेन्शियल ऑइल सेफ्टी’ या ग्रंथात त्वचेवर लावण्यासाठी सालीच्या तेलाची कमाल मात्रा ०.०७ टक्के आणि पानांच्या तेलाची ०.६ टक्के दिली आहे. ३० मिलिलिटर मालिशतेलाचा हिशेब केला, तर पानांच्या तेलाचे तीन-चार थेंब चालतात आणि सालीच्या तेलाचा अर्धा थेंबही जेमतेम बसतो. ‘दालचिनी तेल, ५ थेंब’ एवढेच छापणाऱ्या पुस्तकाने वाचकाच्या पाठीवर लाल चट्टे उठवण्याची तजवीज करून ठेवली आहे. त्या यादीत आणखी शंभर रोग असले तरी हा दोष भरून निघत नाही.

नावांचा घोळ इथेच थांबत नाही. ‘नीलगिरी’ म्हणून विकले जाणारे युकॅलिप्टस ग्लोब्युलसचे तेल सिनिओलने भरलेले असते. लिंबाच्या वासाच्या नीलगिरीत सिट्रोनेलाल प्रमुख असते. याहून बोलके उदाहरण खानदेशाचे आहे. तिथल्या माळरानावरच्या रोशा गवताच्या मोतिया आणि सोफिया अशा दोन जाती आहेत. शास्त्रीय नाव दोन्हींचे एकच, सिंबोपोगॉन मार्टिनी. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असते आणि त्याचा वास गुलाबाच्या जवळ जातो. सोफियाचे तेल उग्र आणि घटकांनी वेगळे असते. एकोणिसाव्या शतकात रोशाचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. दलालांना आणि भट्टीवाल्यांना हा फरक नाकाने कळत होता. आजच्या वाचकाकडे ते नाक नाही, म्हणून त्याला पुस्तकाचा आधार हवा. वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, जात, वापरलेला भाग आणि मुख्य घटक ज्या पुस्तकात नाहीत, त्यातली कृती कोणत्या तेलाची आहे हे सांगताच येत नाही.

दुसरा पूर्वपक्ष परंपरेचा आहे: हे शास्त्र हजारो वर्षांचे आहे, तेव्हा नव्या पुराव्यांची गरज काय? भारतात गंधशास्त्राची परंपरा आहे आणि ती समृद्ध आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि जुनी मराठी टीका लाभलेला ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. मराठी वाचकाने या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यातला विषय धूप, उटणी, मुखवास, सुगंधी जले आणि ती करण्याच्या कृती हा आहे. आजच्या अर्थाची अरोमाथेरपी त्यात शोधणे म्हणजे त्या ग्रंथांवर नसलेली गोष्ट लादणे. हे नाव रूढ केले रने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. त्याच नावाचे त्याचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. १९६४ मध्ये झाँ व्हाल्ने या फ्रेंच डॉक्टरचे पुस्तक आले आणि १९७७ मध्ये टिसरँड यांचे ‘द आर्ट ऑफ अरोमाथेरपी’. म्हणजे विषयाचे वय शंभराच्या आतबाहेर.

गातफोसेची गोष्ट पुस्तक कशी सांगते, हीदेखील चांगली कसोटी आहे. असंख्य पुस्तकांत लिहिलेले असते की हात भाजताच त्याने तो शेजारच्या लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि जखम चमत्कारासारखी भरली. त्याने स्वतः लिहिलेली हकीकत निराळी आहे. १९१० मध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला, पेटते अंग त्याने गवतावर लोळून विझवले. पुढे हातांना वायुजन्य कोथ झाला, तेव्हा लव्हेंडर तेलाने जखमा धुतल्यावर तो थांबला, असे तो सांगतो. मूळ पुस्तक उपलब्ध असताना दंतकथा छापणाऱ्या लेखकाने बाकीच्या गोष्टीही तपासल्या नसतील, असे धरून चालावे.

‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हा तिसरा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात. मेंथॉलचे तेल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावल्यास त्याचा श्वास अडू शकतो. कागदी लिंबाच्या सालीतून दाबून काढलेले तेल अंगाला लावून उन्हात गेले तर त्वचा भाजते आणि काळे डाग राहतात. त्याच लिंबाच्या वाफेने काढलेल्या तेलात हा दोष नसतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा, लवंग आणि नीलगिरीची पुरचुंडी हुंगल्याने शरीरातला प्राणवायू वाढतो, असे निरोप घरोघर फिरले. धाप लागलेला माणूस पुरचुंडी हुंगत बसला, तर तेवढा वेळ वाया जातो. लहान मुले, गरोदर स्त्रिया, दमेकरी यांच्यासाठी काय वर्ज्य, हे प्रत्येक तेलाच्या नोंदीतच लिहिलेले हवे. प्रस्तावनेतल्या ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ या एका वाक्याने ते काम होत नाही.

याउलट काही विज्ञाननिष्ठ मंडळी हा सगळा प्रांतच थोतांड ठरवून मोकळी होतात. तेही मान्य करता येत नाही. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी-ट्री जेलने मुरुमे कमी झाली. बेंझॉइल पेरॉक्साइडपेक्षा गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला. आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमधले पेपरमिंट तेल आतड्यांच्या क्षोभावर उपयोगी पडते, याला चांगला आधार आहे. मात्र स्मृतिभ्रंशावर सुगंधोपचाराचा उपयोग होतो असा खात्रीलायक पुरावा २०२० च्या कॉक्रेन आढाव्याला मिळाला नाही. कॅप्सूलच्या चाचणीचा निष्कर्ष नुसत्या वासाला लावता येत नाही. कोणते तेल, कोणत्या मार्गाने, कोणत्या तक्रारीवर, हे सुटेसुटे सांगणारे पुस्तक विश्वासाचे.

म्हणून निवड अशी करावी. संदर्भासाठी टिसरँड-यंग यांच्या ग्रंथाची २०१४ ची आवृत्ती. तिच्यात ४०० तेलांच्या नोंदी आहेत. ती महाग आहे, तेव्हा वाचनालयाने घ्यावी. तेले कशी काढतात, भेसळ कशी होते हे जाणायचे असेल तर अर्न्स्ट ग्युंथर यांचे १९४८ ते १९५२ मध्ये निघालेले सहा खंड जुने असूनही वाचण्याजोगे आहेत. औषधी सल्ल्यासाठी ते वापरू नयेत. घरासाठी दहा-बारा तेलांचे, पण मात्रा टक्क्यांत देणारे छोटे पुस्तक पुरे. ‘थेराप्युटिक ग्रेड’ हा शिक्का देणारी कोणतीही स्वतंत्र संस्था नाही, आणि तेलाची कंपने मेगाहर्ट्झमध्ये मोजून आरोग्य ठरत नाही. या दोन्हींवर भर देणारे पुस्तक विक्रीसाठी लिहिलेले असते. ते परत ठेवावे.

मराठी अनुवाद घेताना आणखी एक पाहणी करावी. मूळ पुस्तकातले शास्त्रीय नाव अनुवादात टिकले आहे का? थेंबांचे चमचे तर झाले नाहीत ना? मग घरातली बाटली शेजारी ठेवून तिच्यावरचे नाव, वनस्पतीचा भाग आणि तेल काढण्याची पद्धत त्या नोंदीशी ताडावी. जुळले नाही, तर त्या पानावरची मात्रा त्या बाटलीसाठी लिहिलेली नाही.