पुडीत कॉफी किती, चिकोरी किती?

सातपुड्याच्या पश्चिम भागातले अक्कलकुवा हे चहाचे गाव. बाजारात चहा, बसस्थानकाबाहेर चहा, देवगोई घाट चढून मोलगीकडे गेले की पाड्यांवर बिनदुधाचा काळा चहा. कॉफी लागते ती खास पाहुण्यांना, नाहीतर परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या पोरांना. मग किराणा दुकानात टांगलेल्या माळेतून एक पुडी तोडली जाते, दूध उकळते, साखर पडते, पुडी रिकामी होते. कप तोंडाला लावला की कडू लागतो म्हणून आणखी साखर. शेवटी निकाल ठरलेला: आपला चहाच बरा.

या निकालात कॉफीची बाजू पुरती ऐकलेलीच नसते. कारण त्या पुडीत निम्म्याच्या आसपास चिकोरी असू शकते, आणि तीही अगदी कायदेशीर. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी. उरलेली 49 टक्के चिकोरी चालते. दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. ते छापलेले असतेही, फक्त वाचायला भिंग लागते. 70-30, 60-40, अगदी 53-47 असेही प्रकार बाजारात आहेत. ग्राहकाच्या दृष्टीने ते सगळे एकच: ‘कॉफी’.

चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ. वाळवायचे, भाजायचे, दळायचे. तिच्यात कॅफीन नसते. रंग मात्र गडद येतो, पेय दाट वाटते आणि कडवटपणाही भरपूर. देशातले तिचे मोठे पीक गुजरातेत, जामनगर आणि खेडा-आणंद भागात निघते. अक्कलकुव्याहून गुजरातची हद्द फार लांब नाही, तेव्हा कपातला बराचसा ऐवज शेजारचाच म्हणायचा! चिकोरी वाईट नव्हे. दक्षिणेतल्या कित्येक घरांना तिच्याशिवाय फिल्टर कॉफी गोड लागत नाही. पण ती तिथे माहीत असून, मोजून घेतली जाते. इकडे ती नकळत पोटात जाते आणि बदनाम कॉफी होते.

सुटी फिल्टर पावडर घेतली असेल तर पारख सोपी आहे. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्यावे आणि वरून चिमूटभर पावडर भुरभुरावी. कॉफी तरंगत राहते. चिकोरी काही क्षणांत बुडते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघ सोडते. इन्स्टंटला ही परीक्षा लागू नाही, ती विरघळूनच जाते. तिथे पाकिटावरचे आकडे वाचण्याला पर्याय नाही. हे आकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूला, नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापायला लावावेत. दहा रुपयांची पुडी घेणाऱ्यालाही आपण काय पितो हे कळले पाहिजे.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून अनेकांची समजूत होते की चांगल्या कॉफीला हजारोंचे यंत्र लागते. मुळीच नाही. लागते ती ताजी पावडर. भाजलेल्या बिया हवाबंद डब्यात काही आठवडे टिकतात. दळली की सुगंध भराभर उडतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तर विचारूच नये. म्हणून पाव किलोचे स्वस्त पाकीट वर्षभर पुरवण्यापेक्षा भाजल्याची तारीख पाहून शंभर ग्रॅमच आणावे. बिया मिळाल्या तर मिक्सर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवला की पावडर तापते.

गंमत अशी की कॉफी सातपुड्याला परकी नाही. याच डोंगररांगेत पूर्वेकडे, गाविलगडच्या डोंगरात, चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून तेच ओळखले जाते. पर्यटक तिथून पाकिटे घेऊन जातात. पश्चिमेकडच्या आपल्या दुकानांत मात्र माळेवरच्या पुड्याच लटकतात.

आता कृती. यंत्र नको, चहाचेच पातेले आणि गाळणे पुरे. दूध घालायचे असेल तर एका कपासाठी शंभर मिलिलिटर पाणी आणि दहा ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, पावडर. पाणी उकळले की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचे. कॉफीला 90 ते 96 अंशांचे पाणी मानवते. (शेजारच्या अक्राणी तालुक्यात, सुमारे 1,150 मीटर उंचीवरच्या तोरणमाळला एवढेही थांबायला नको, तिथे पाणी उकळतेच 96 अंशांच्या आसपास.) मग पावडर घालून ढवळायचे आणि चार मिनिटे झाकण ठेवायचे. गाळायचे. दूध वेगळे तापवून वरून ओतायचे. चहासारखी कॉफी दुधात खदखदा उकळणे ही आपली सर्वात जुनी खोड आहे. सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात दरवळतो आणि पातेल्यात कडू अर्क उरतो. बोअरचे पाणी जड असेल, तर दुसरे, कमी जड पाणी घ्यावे; जड पाण्यात कॉफीची चव दबते.

आणि जायफळ? कॉफीचे शौकीन म्हणवणारे काही जण मराठी घरातल्या जायफळाच्या कॉफीला नाक मुरडतात. मुरडोत. कॉफी पिण्याची चाल जिथून जगभर गेली, त्या अरब मुलुखात आजही तीत वेलदोडा पडतो. फक्त जायफळ दुधाबरोबर उकळू नये. कपात कॉफी ओतली की किसणीवर दोन-तीनदा घासावे, आणि साखर पहिला घोट घेऊन मग ठरवावी.